पाऊस पडला हाच रिपोर्ट समजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी असं काही लख्ख ऊन पडलं की घरात बसवेना, म्हणून आम्ही पोरींना घेऊन बीचवर गेलो, आणि आमच्यासारखाच विचार बऱ्याच जणांनी केलेला दिसत होता कारण पाय ठेवायला जागा नव्हती. बीचवर शिरताना पाण्याच्या क्वालिटीचा एक बोर्ड लागतो. त्यावर हिरवा गोल होता. मी तो मुद्दाम थांबून बघितला आणि मगच पोरींना पाण्यात सोडलं, हे आधीच सांगते कारण नंतर मला बऱ्याच जणांनी विचारलं की अगं तू तर लॅबवाली, तुला कळायला नको होतं का.

माझी लेक नऊ वर्षांची, तिची मैत्रीण आठची. दोघी जिथे खेळत होत्या तिथे वाळूतून एक ओहळ येऊन समुद्राला मिळतो, पाणी जेमतेम गुडघ्याएवढं, लाटा नाहीत, जरा कोमट पण असतं, त्यामुळे लहान पोरांचा घोळका कायम तिथेच असतो आणि आई-वडलांना पण वाटतं की सगळ्यात सेफ जागा हीच. दोन दिवसांनी लेकीला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि मैत्रिणीचा कान ठणकायला लागला, मग त्यातून पाणी यायला लागलं. आठवड्याभरात दोघी बऱ्या झाल्या. हा आजार त्या पाण्यानेच झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तसं कुठलीच लॅब सांगू शकणार नाही. पण बीचवर गेल्याच्या चौथ्या दिवशी मी परत त्या बाजूला गेले तर बोर्डवर लाल गोल लागलेला, आणि चौकशी केल्यावर कळलं की तो लाल गोल ज्या सॅम्पलमुळे लागला ते सॅम्पल आम्ही तिथे होतो त्याच सकाळी घेतलेलं होतं!

मी संबंधित ऑफिसला फोन केला. पलीकडचे गृहस्थ नीट बोलले, टाळाटाळ केली नाही. म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट आला की आम्ही त्याच दिवशी बोर्ड बदलतो, एक दिवस पण उशीर करत नाही." आणि ते खरं बोलत होते याची मला खात्री आहे. माझी तक्रार त्यांच्या उशिराबद्दल नाहीच, रिपोर्ट येईपर्यंत बोर्ड हिरवा ठेवायचा ही जी पद्धत आहे तिच्याबद्दल आहे, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

मी बावीस वर्षं लॅबमध्ये काढली, त्यातली बरीच पाण्याचे नमुने बघण्यात. समुद्राच्या पाण्यात आम्ही मुख्यतः एन्टेरोकोकस नावाचा आतड्यातला जंतू शोधतो. १०० मिलि पाणी अगदी बारीक भोकांच्या फिल्टरमधून ओढायचं, तो फिल्टर मीडियाच्या, म्हणजे जंतूंच्या खाद्याच्या, प्लेटवर ठेवायचा, प्लेट ४१ डिग्रीला इन्क्युबेटरमध्ये, आणि मग २४ तास वाट बघायची. दुसऱ्या दिवशी निळं वलय असलेल्या कॉलनी मोजायच्या, तो तुमचा आकडा. यात घाई करता येत नाही, बॅक्टेरियाला डोळ्याला दिसण्याइतकं वाढायला जो वेळ लागतो तो लागतोच, मग वरून कोणी कितीही फोन करू दे. म्हणजे सोमवारी सकाळी सॅम्पल घेतलं तर मंगळवारी आकडा हातात, मग नोंद, सही, आणि बोर्डवर चढेपर्यंत बुधवार. त्यात बऱ्याच ठिकाणी सॅम्पलच आठवड्यातून एकदा घेतात. मी जो हिरवा गोल बघितला तो पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या पाण्याचा होता, फक्त तसं त्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की जोराचा पाऊस झाला की रिपोर्टची वाट न बघता बोर्ड लाल करा आणि चांगला रिपोर्ट हातात आला की मग हिरवा करा. आत्ता बरोब्बर उलटं चाललंय, वाईट रिपोर्ट येईपर्यंत हिरवा.

यावर कोणी म्हणेल की नुसत्या पावसावरून कसं ठरवणार, टेस्टशिवाय बोलणं म्हणजे अंदाजपंचे. तर हे अंदाजपंचे नाहीये. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २० जागांचे पाच वर्षांचे रोजचे आकडे घेऊन पावसाच्या नोंदींशी ताडून बघितलेत, आणि २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या प्रत्येक पावसानंतर, प्रत्येक म्हणजे अपवाद नाही, किनाऱ्यावरचे बॅक्टेरिया वाढलेले होते. ६ मिलिमीटरच्या वरच्या जवळजवळ सगळ्या पावसांनंतर पण तेच. अडीच मिलिमीटरच्या खाली मात्र काही ठरावीक दिसत नाही, कुठे वाढले कुठे कमी झाले. वाढलेला आकडा पाच दिवस टिकून राहतो पण साधारण तीन दिवसांत तो तिथल्या मर्यादेच्या खाली येतो. आणखी एक गोष्ट त्यात निघाली जी मला स्वतःला अपेक्षित नव्हती, ती म्हणजे आधी किती दिवस कोरडे गेले होते याने फारसा फरक पडत नाही. आपण म्हणतो ना की पहिल्या पावसाने सगळी घाण वाहून गेली, आता पाणी स्वच्छ, ते खरं नाही. घाण रोज नव्याने साचत असते, दुसरा पाऊस पण घेऊन येतो आणि तिसरा पण.

ही घाण येते कुठून हे लोकांना माहीत नसतं असं मला वारंवार जाणवलं, चांगली शिकलेली माणसं पण समजतात की रस्त्यावरचं पावसाचं पाणी कुठेतरी प्लांटमध्ये जाऊन शुद्ध होऊन मग समुद्रात जातं. तसं नसतं. बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारातलं पाणी जसंच्या तसं जवळच्या नाल्यात नाहीतर समुद्रात. रस्ते, अंगणं, मैदानं, गोठे, उकिरडे सगळं धुऊन ते पाणी येतं. कुत्र्याच्या एक ग्रॅम विष्ठेत सुमारे २ कोटी ३० लाख फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले बॅक्टेरिया, असतात, असा आकडा अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए देते, एका ग्रॅममध्ये! आणि जुन्या शहरांमध्ये तर पावसाचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच पाइपमधून नेतात, एरवी ते सगळं प्लांटला जातं पण मुसळधार पावसात पाइप भरला की वरचं पाणी नदीत किंवा समुद्रात सोडून द्यायची सोय मुद्दाम केलेली असते, कारण नाही सोडलं तर ते लोकांच्या घरात उलटं चढेल. जिथे दोन वेगळ्या लाइनी आहेत तिथे पण फुटलेले जुने पाइप, चुकीची जोडलेली कनेक्शनं, ओसंडणारी मॅनहोल आणि जमीन पाण्याने तुडुंब झाल्यावर पाझरणाऱ्या सेप्टिक टाक्या असतातच, त्यामुळे आमच्याकडे वेगळी लाइन आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

मग हे पाणी समुद्रात आल्यावर काय होतं? सगळ्यांचा आवडता मुद्दा म्हणजे समुद्र एवढा अफाट, त्यात सगळं पातळ होऊन जातं. होतं, पण लगेच होत नाही आणि आपण जिथे डुंबतो तिथे तर सगळ्यात शेवटी होतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगत राहतं, मातकट पट्ट्यासारखं, आणि लाटा-वारा त्याला परत किनाऱ्याशी ढकलत राहतात. म्हणजे पोरांच्या तोंडाच्या लेव्हलला जे पाणी असतं ते हेच. दुसरं म्हणजे ऊन. कडक ऊन आणि नितळ पाणी असेल तर बॅक्टेरिया काही तासांत मरायला लागतात, म्हणून एकाच दिवशी सकाळी घेतलेल्या सॅम्पलचा आकडा दुपारच्या सॅम्पलपेक्षा जास्त येतो, पण गढूळ पाण्यात ऊन खाली पोचतच नाही, आणि जोराच्या पावसानंतर पाणी गढूळच असतं. त्यामुळे ऊन पडलं म्हणजे आता चाललंय, हा आमचा त्या सकाळचा हिशोब साफ चुकीचा होता. तिसरी वाळू. ओल्या वाळूत आणि किनाऱ्यावर सडत पडलेल्या शेवाळात हे बॅक्टेरिया बरेच दिवस तग धरतात आणि लाटांनी वाळू ढवळली की परत पाण्यात येतात. लहान मुलं पाण्यात असतात त्यापेक्षा जास्त वेळ त्या ओल्या वाळूतच बसलेली असतात आणि तेच हात तोंडात जातात.

खारं पाणी जंतू मारतं, हे पण ऐकायला मिळतं. आमच्या लॅबमध्ये एन्टेरोकोकस ओळखायची एक जुनी टेस्टच अशी आहे की साडेसहा टक्के मिठाच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, तो वाढतो का बघायचं. तो आरामात वाढतो. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं साधारण साडेतीन टक्के.

आता तो आकडा. एन्टेरोकोकस हा माणसाच्या आणि प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जंतू, पोहणाऱ्याला आजारी पाडणारा खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तो नसतोच. तो दिसला म्हणजे विष्ठा पाण्यात आलेली आहे आणि तिच्याबरोबर नोरोव्हायरस, अॅडेनोव्हायरस, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, जिआर्डिया असलं काहीही आलेलं असू शकतं, या सगळ्यांची टेस्ट रोज करणं कुठल्याही बीचला झेपणारं नाही म्हणून त्यांच्या जागी हा एक मोजायचा. १९७०च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर कॅबेली या संशोधकांनी न्यूयॉर्क, बोस्टन वगैरे ठिकाणी हजारो पोहणाऱ्यांना नंतर फोन करून विचारलं की पोट बिघडलं का, आणि समुद्राच्या बाबतीत पोटाच्या तक्रारींशी सगळ्यात चांगला जुळला तो एन्टेरोकोकसचा आकडा. आजचे बहुतेक नियम त्या कामावर उभे आहेत. ईपीएच्या २०१२च्या शिफारशीप्रमाणे १०० मिलित सरासरी ३५ च्या आत हवेत आणि एखाद्या सॅम्पलला ७० च्या वर गेले तर लोकांना इशारा द्यायला सुरुवात करावी. कॅलिफोर्नियात एका सॅम्पलची मर्यादा १०४ आहे. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने आंघोळीच्या समुद्रासाठी एन्टेरोकोकस न घेता फीकल कोलिफॉर्म धरलेत, १०० मिलित १००. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून कोण कडक कोण ढिला असं ठरवू नका, कारण मोजायचा जंतू वेगळा, सरासरी काढायची रीत वेगळी.

पण एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, ती म्हणजे मर्यादेच्या आत म्हणजे धोका शून्य असं कोणीच म्हटलेलं नाही. ईपीएचा तो ३५ चा आकडा धरलाय तो दर हजार पोहणाऱ्यांमागे साधारण ३६ जणांचं पोट बिघडेल हे गृहीत धरून. म्हणजे पाणी मर्यादेवर असताना सुद्धा ३६. उरलेले ९६४ जण घरी जाऊन सांगणार की आम्ही तर पोहून आलो, काही झालं नाही, आणि त्यांचं म्हणणं खरंच असतं, म्हणून तर "आम्ही लहानपणापासून पोहतोय" हे वाक्य एवढं टिकून आहे. शिवाय ज्याचं पोट दोन दिवसांनी बिघडतं तो आदल्या दिवशीच्या जेवणाला दोष देतो, समुद्राची आठवण कोणाला होत नाही, डॉक्टर पण विचारत नाहीत. आणि मुलांचं गणित वेगळंच आहे. स्विमिंग पूलमध्ये ४५ मिनिटं पोहणाऱ्यांनी किती पाणी गिळलं हे मोजलं गेलंय, मोठ्यांनी सरासरी १६ मिलि आणि मुलांनी ३७, दुपटीपेक्षा जास्त. अंगाने ती आपल्या निम्मी पण नसतात.

आणि तो ओहळ. १९९५च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर दहा हजारांहून जास्त पोहणाऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात पावसाळी गटाराच्या तोंडासमोर पोहलेल्यांना ताप, उलट्या, कानातून पाणी येणं, कफ या तक्रारी तिथून ४०० यार्डांवर पोहलेल्यांपेक्षा जास्त झाल्या. तो तर कोरडा सीझन होता. त्यानंतर तिथल्याच सॅन डिएगोला दोन हिवाळे ६५४ सर्फर लोकांची रोजची नोंद ठेवली, तेव्हा कान दुखणं आणि जखमा चिघळणं हे पाण्यात गेल्यावर वाढलेलं दिसलंच, पण पावसानंतरच्या तीन दिवसांत पाण्यात गेलेल्यांमध्ये आणखी वाढलेलं दिसलं. हे वाचताना मला त्या आठ वर्षांच्या पोरीचा कान आठवत होता. ज्या जागेला आपण सगळ्यात सेफ समजतो, उथळ, कोमट, बिनलाटांची, ती जागा म्हणजे गटाराचं तोंड असतं आणि तिथे एक पाटी सुद्धा नसते. बोर्ड असतो तो पार्किंगजवळ.

पावसावरून इशारा द्यायची पद्धत जगात नवीन नाहीये. कॅलिफोर्नियात पाऊस झाला की ७२ तास पाण्यात जाऊ नका, विशेषतः गटारं आणि नदीच्या मुखांजवळ, असं रिपोर्टशिवायच जाहीर होतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या बीचवॉच या सरकारी पाणी-तपासणी कार्यक्रमाचा सल्ला आहे की जोराच्या पावसानंतर उघड्या समुद्रात एक दिवस आणि बंदर किंवा खाडीत तीन दिवस पोहू नका, आणि यातला फरक लक्षात घेण्यासारखा आहे, उघड्या समुद्रात लाटा पाणी लवकर बदलतात, खाडीत ते कोंडून राहतं. इंग्लंडमध्ये पोहण्याच्या सीझनमध्ये हवामानाच्या अंदाजासारखा पाण्याचा अंदाज रोज काढतात आणि स्कॉटलंडमध्ये तो किनाऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर झळकतो. युरोपियन युनियनच्या २००६च्या नियमात पावसासारख्या कारणाने झालेलं थोड्या काळाचं प्रदूषण, म्हणजे साधारण ७२ तासांच्या आतलं, वेगळं धरलंय आणि त्या दिवसांची काही सॅम्पलं वर्षाच्या हिशोबातून वगळायची मुभा आहे, पण कधी, तर लोकांना वेळेवर सावध केलेलं असेल तरच. ही अट मला फार योग्य वाटते. आकडा वगळायचा असेल तर आधी माणसाला सांगा.

२०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर सगळ्या जगाने बघितलं. उद्घाटनाच्या वेळी पाऊस झाला आणि सीन नदीचे आकडे एवढे वर गेले की ३० जुलैची पुरुषांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावण्याची शर्यत, ३१ ला ढकलावी लागली, आणि हे कधी, तर नदी स्वच्छ करायला १.४ अब्ज युरो खर्चून आणि पावसाचं पाणी धरून ठेवायला सुमारे ५० हजार घनमीटरची भूमिगत टाकी बांधून झाल्यावर. ती नदी आहे, समुद्र नाही, पण कारण हेच. तिथे रोज सॅम्पल घेत होते आणि पहाटे बसून निर्णय घेत होते. जगातल्या सगळ्यात तंदुरुस्त माणसांना त्या पाण्यात उतरवायचं की नाही यासाठी एवढी काळजी, ती रास्तच आहे, पण मग नऊ वर्षांच्या पोरांसाठी आठवड्याचं एक सॅम्पल आणि तीन दिवस जुना गोल?

टेस्ट फास्ट होऊ शकते, हे पण खरं आहे. जंतू वाढवण्याऐवजी त्यांचा डीएनए मोजायचा, करोनात सगळ्यांना पीसीआर हा शब्द पाठ झाला तीच जात. सॅन डिएगो काउंटीने २०२२ पासून याच पद्धतीने त्याच दिवशी निकाल द्यायला सुरुवात केली. पण मशीन महाग, शिकलेली माणसं लागतात, शिवाय मेलेल्या जंतूंचा डीएनए पण मोजला जातो. जिथे जमेल तिथे करावं, पण ते येईपर्यंत थांबायचं कारण नाही कारण पर्जन्यमापक स्वस्त आहे आणि तो आधीपासून बसवलेला आहे.

मला माहितीये की बीचवर ज्यांचं पोट आहे त्यांना लाल बोर्ड परवडत नाही, ऊन पडलेला सुट्टीचा दिवस गेला तर तो परत येत नाही. आणि दर पावसाला उठसूट अख्खा बीच बंद केला तर लोक बोर्डकडे बघायचंच सोडतील, हे पण मान्य. म्हणूनच सरसकट बंदी नको. वाळूवर बसा, फिरा, क्रिकेट खेळा, कोण नाही म्हणतंय. ओहळाच्या, नाल्याच्या, गटाराच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंत पक्की लाल पाटी लावा, बाकीच्या किनाऱ्याला ठरावीक मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ठरावीक दिवसांचा इशारा द्या आणि किती मिलिमीटर, किती दिवस हे प्रत्येक किनाऱ्याच्या जुन्या नोंदी काढून तिथल्यापुरतं ठरवा, कारण एका जागेचा नियम उचलून दुसऱ्या जागेला लावला की चुकतो. या नोंदी ऑफिसांमध्ये पडून असतात, पावसाच्या पण असतात, त्या दोन्ही समोरासमोर ठेवायला एक माणूस आणि काही आठवडे पुरतात, हे मी लॅबच्या अनुभवावरून सांगतेय. कधी कधी इशारा दिला आणि पाणी चांगलं निघालं असं होईल. होऊ दे. एक दिवस डुंबणं हुकलं एवढंच नुकसान. जिथे महिनोन्महिने पाऊस हटत नाही तिथे तीन दिवसांचं घड्याळ रोज परत शून्यावर येणार, म्हणजे त्या काळात गटाराजवळचं पाणी पोहण्याचं नाहीच, तसं स्पष्ट सांगून टाका, लोक समजून घेतात.

तोवर आपण काय करायचं तर पाणी मातकट दिसतंय, कचरा-काटक्या तरंगतायत, वास येतोय तर उतरायचं नाही. नुसतं नितळ दिसतंय म्हणून पण भरवसा नको. उतरलातच तर ओहळापासून लांब, डोकं पाण्याखाली नको, आणि अंगावर ताजी जखम, खरचटलेलं, नवा टॅटू असेल तर अजिबात नको. पावसाने समुद्राचं पाणी कमी खारं झालं आणि कोमट असलं की त्यात व्हिब्रिओ नावाचा जंतू वाढतो, तो गटारातून येत नाही, समुद्रातच असतो, आणि ज्याला लिव्हरचा आजार किंवा वाढलेली शुगर आहे त्याच्या जखमेत तो शिरला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. जखम झपाट्याने लाल व्हायला लागली, फोड आले, ताप आला तर सकाळची वाट बघू नका. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने आंघोळ, काही खायच्या आधी साबणाने हात, मुलांचे तर नक्की. आणि नंतर आजारी पडलात तर डॉक्टरांना आपणहून सांगा की समुद्रात गेलो होतो, किती तारखेला, पाऊस कधी झाला होता.

संपादक महाशय, आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या पेपरात रोज तापमान येतं, कालचा पाऊस मिलिमीटरमध्ये येतो, भरती-ओहोटीच्या वेळा येतात. त्याच चौकटीत एक ओळ वाढवा, जोराचा पाऊस झालाय, आज समुद्रात पोहू नका, नाल्यांच्या तोंडाजवळ तर जाऊच नका, एवढीच. यासाठी कुठल्या रिपोर्टची गरज नाही, पावसाचा आकडा तुम्ही छापताच आहात. बोर्ड बघायला माणूस बीचपर्यंत गेलेला असतो, पोरं कपडे बदलून तयार असतात, त्यावेळी त्यांना मागे फिरवणं किती अवघड असतं हे कुठल्याही आईला विचारा. पेपर घरातच असतो.

आणि जे बोर्ड रंगवतात त्यांनी, बाकी काही जमेल तेव्हा जमेल, पण गोलाच्या खाली सॅम्पल घेतल्याची तारीख आणि वेळ ठळक लिहायला उद्यापासून सुरुवात करावी. त्या सकाळी मला ती तारीख दिसली असती तर मी पोरींना वाळूवरच बसवलं असतं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन